काचेची पट्टी

रिहे गावातलं डोंगरउतारावरचं हे घर मालकानं रोखीनंच विकलं. "कर्जाची भानगड नको, बँकवाले हेलपाटे घालायला लावतात," म्हणाला. आम्हाला स्वस्तात पडलं. काल राहायला आलो. आज त्यानं मागं ठेवलेलं कपाट सरकवलं, तर डोंगराकडच्या भिंतीला लांबलचक तडा आणि तड्यावर आडवी चिकटवलेली काचेची पट्टी. दूध घेऊन आलेल्या शेजारच्या साळूबाई दारातच थबकल्या. "आधीच्या गिऱ्हाइकाच्या बँकेचा इंजिनेर आलता. भिंत सरकली की काच तडकती म्हणून त्यानं लावली." माझ्या नवऱ्यानं पट्टीवरून बोट फिरवलं. "अखंड आहे. म्हणजे भिंत हललेली नाही." "ही न्हाई वो ती. ती मागल्या पावसात तडकली, तवाच बँकेनं न्हाई म्हणलं. ही मालकानं नवी लावलीया." बाहेर पाऊस वाढला. पलीकडच्या खोलीत, त्याच भिंतीलगत, बाळ झोपलं होतं. मी धावले. मागं टक्कन काच तडकली.