कपाटाशेजारचा कोपरा

मुंगी पुन्हा कोपऱ्यात उभी होती. कपाट आणि बाथरूमचं दार यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, भिंतीला पाठ लावून, ताठ. हनुवटी छातीला टेकलेली, ओठ घट्ट मिटलेले, पायाची बोटं फरशीत रुतवलेली. पापणी लवत नव्हती. दुपारचं ऊन तिच्या पावलांपर्यंत येऊन थांबलं होतं.

"मुंगे, काय चाललंय?" आईनं विचारलं.

मुंगीनं ओठांवर बोट ठेवलं. थोड्या वेळानं तिचे खांदे खाली आले आणि जणू काही घडलंच नाही अशी ती ठोकळ्यांकडे पळाली. आईनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. घामानं गार पडलं होतं.

आठवडाभर हेच चाललं होतं.

"पोरं करतात असले खेळ," आजी म्हणाली. ती आईची आई, लेकीला बरं नसतं म्हणून राहायला आलेली. "तूच उगाच डोळ्यांत तेल घालून बसतेस. आधी स्वतःकडे बघ जरा."

स्वतःकडे काय बघणार? आईच्या दुखण्याला शेंडा ना बुडखा. बाळंतपणानंतर कधीतरी ओटीपोटात जळजळ सुरू झाली. सारखी लघवीला लागायची, थेंबभर व्हायची, आणि तेवढ्यानंही डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. लघवीच्या तपासण्या मात्र स्वच्छ. जंतू नाही, खडा नाही. बरेच दवाखाने पालथे घातल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी त्याला नाव दिलं: इंटरस्टिशियल सिस्टायटिस, मूत्राशयाचं जुनं, चिवट दुखणं. मग चहा सुटला, आंबट फळं सुटली. शेकायची पिशवी सोबतीण झाली. शेवटी फिजिओथेरपीच्या बाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सदानकदा धरून ठेवलेत तुम्ही. मूठ वळावी तसे. तुम्हाला आवळायचा नाही, सोडायचा व्यायाम करायचाय. खांदे खाली, आणि लांब फुंकर."

"मी कुठे आवळते?" तिला रागच आला होता.

आजीला हे सगळे थेर वाटायचे. "फुंकर मारायची शिकवणी लावलीस? आमच्या वेळी नव्हती बाई असली नाटकं. माझं ओटीपोट म्हणजे लोखंडी पेटी! दिवसभराचा प्रवास असला तरी कुणाला गाडी थांबवा म्हटलं नाही कधी." ते खरंच होतं. आजी बाहेर निघाली की पाण्याची बाटली भरून न्यायची आणि भरलेलीच परत आणायची.

संध्याकाळी वेणी घालता घालता आईनं हळूच विषय काढला. "त्या कोपऱ्यात काय असतं गं?"

"कोपऱ्यात नाही. आत असते." मुंगीनं मानेनंच बाथरूमचं दार दाखवलं.

"कोण असते?"

"ती. आपण हलायचं नाही. श्वासपण नाही घ्यायचा. मग तिला कळत नाही."

आईचा कंगवा केसांतच अडकून राहिला. तिनं उठून दार ढकललं. बादली, मग, दांडीवर ओला टॉवेल. नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता. पडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पडद्यामागे दबून उभी राहिली. मुंगी ठोकळे रचत होती. रचता रचता हात थांबला. कुणी आतून हाक मारावी तशी तिची मान वर झाली. ती उठली, कोपऱ्यात गेली, ताठ झाली. नेमकी त्याच वेळी आईच्याही ओटीपोटात कळ उठली. कळवळून तिनं पडदा बाजूला सारला, तर समोर कपाटाच्या आरशात तिचं तिलाच दिसलं: खांदे कानांपर्यंत चढलेले, हनुवटी छातीला टेकलेली, पायाची बोटं फरशीत रुतलेली. आणि आरशाला लागूनच मुंगी. हुबेहूब तशीच.

ती मुंगीसमोर खाली बसली. "शू लागलीय?"

मान हलली.

"मग जात का नाहीस, सोन्या?"

"आत ती आहे ना. रोज तुला मारते. तू दार लावतेस, तरी मला ऐकू येतं."

बंद दाराआड दात आवळून गिळलेलं ते कण्हणं आईनं स्वतःसुद्धा कधी धड ऐकलं नव्हतं.

तिनं दार सताड उघडलं. मुंगीला आत नेऊन बसवलं आणि तिचे गुडघे धरून समोर बसली. "आता खांदे खाली. आणि फुंकर. गरम दूध निववतेस ना, तश्शी." दोघींनी फुंकर घातली. काही झालं नाही. पुन्हा घातली. मग झालं. मुंगी खुदकन हसली. आईची कळ काही गेली नव्हती, पण तिच्याभोवती वळलेली मूठ किंचित सैल पडल्यासारखी वाटली. नळाचा थेंब टपकन बादलीत पडला.

हात धुऊन दोघी बाहेर आल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

कोपऱ्यात आजी उभी होती. भिंतीला पाठ लावून, ताठ. हनुवटी छातीला, कपाळावर घामाचे थेंब. म्हातारी, वाकडी बोटं फरशीत रुतलेली. किती वर्षं अशी उभी होती, कुणास ठाऊक.

"आई?"

आजीनं ओठांवर बोट ठेवलं.

मुंगी पुढे झाली. तिनं ते बोट अलगद ओठांवरून काढून आपल्या मुठीत धरलं.

"आजी, ये ना," ती म्हणाली. "आत कुणीच नाही."