गॅदरिंगमधला दरबार

राजाने मान ताठ केली आणि उमराव त्याच्यापुढे गुडघ्यांवर आला.

जिंतूरच्या कॉलेजचं गॅदरिंग होतं. पाचशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडच्या दरबारावरचं हे नाटक इतिहासाच्या राजेश्री मॅडमनी लिहिलं होतं. राजा झाला होता परमेश्वर. अंगावर जुन्या पडद्याचा मखमली झगा, गळ्यात पितळी साखळी. गुडघ्यांवर आलेला उमराव म्हणजे महारुद्र, पहिल्या रांगेत बसलेल्या प्रमुख पाहुण्यांचा, आबासाहेबांचा मुलगा. परमेश्वरचा बाप व्यंकटी आबासाहेबांचंच रान बटईनं करायचा.

तालमीत दोघांनाही त्याचं काही वाटलं नव्हतं. महारुद्रच म्हणाला होता, "तुझा आवाज खणखणीत हाय. राजा तूच हो."

"तुझ्या बापजाद्यांच्या जमिनी माझ्या मेहेरबानीवर आहेत!" राजा गरजला. "माझा एक शब्द, की तुझी सगळी शिवारं गेली. नाक घास!"

उमरावाने स्टेजच्या फळ्यांवर कपाळ टेकलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्या परमेश्वरला आवडल्या. त्याने बूट उचलला आणि उमरावाच्या खांद्यावर ठेवला. असं नाटकात लिहिलेलं नव्हतं.

मांडवात मागे गलका झाला. आबासाहेबांच्याच जीपमध्ये मागं बसून आलेला व्यंकटी इतका वेळ खांबाला टेकून लेकाला बघत होता. तो आता माणसं सारत पुढे आला, डोक्यावरची टोपी काढली आणि आबासाहेबांच्या पायांशी बसला.

"मालक, लेकराला कळत न्हाई. लय चुकलं त्याचं. मनावर घिऊ नका. रान तेवढं आमच्याकडंच ठिवा."

क्षणभर लोकांना हेही नाटकातलंच वाटलं. मग कुणीतरी हसलं, आणि सगळा मांडव हसायला लागला.

"आरं येड्या, नाटक हाय हे," आबासाहेबही हसले. व्यंकटीचे हात त्यांच्या पायांवर होते. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

परमेश्वरने बूट खाली घेतला. 'तुमी येऊ नका, लय गर्दी असती,' असं त्याने बापाला घरी सांगितलं होतं. खाली वाकलेला हा माणूस आपला कोण लागतो, हे कुणाला कळू नये, असं त्याला वाटून गेलं. आणि तसं वाटल्याची इतकी लाज वाटली, की पुढचं वाक्यच आठवेना.

विंगेतून मॅडम कुजबुजल्या, "परमेश्वर, त्याला उठव. 'उठा, उमराव.'"

महारुद्रचं कपाळ अजून फळ्यांवरच होतं. आपल्या बापाकडे बघायला लागू नये म्हणून त्याने ते वर केलंच नव्हतं. तिथूनच तो हळू म्हणाला, "म्हण ना परम्या, लवकर."

"उठा," परमेश्वर म्हणाला. एवढंच. माईक चालू होता, मांडवभर ऐकू गेलं. आवाज राजाचा नव्हता.

महारुद्र उठला.

व्यंकटी दचकला. लेकाचा आवाज त्याने ओळखला. उठण्यासाठी त्याने एक हात जमिनीवर टेकला, आणि आधी आबासाहेबांच्या तोंडाकडे पाहिलं.