भोंग्याला लावलेलं घड्याळ

दुपारी बाराचा भोंगा झाला तेव्हा घड्याळ मनकर्णाच्या हातात होतं, आणि ते चालू होतं.

पिंगळीहून ते सटवाजीनं आणलं होतं. सटवाजी रेल्वेच्या गँगमधला, दिवसभर रुळांवर हातोडा मारीत चालणारा. काल तिन्हीसांजेला रुळाकडेच्या खडीत त्याला हे घड्याळ दिसलं. मागच्या झाकणावर ‘चंद्रभान, सेलू’ असं कोरलेलं होतं. अक्षरं त्याला लावून लावून वाचता येत, घड्याळ वाचता येत नसे. आज गाडी धरून तो सेलूला आला आणि चंद्रभानचं घर विचारत विचारत ओसरीवर येऊन बसला.

चंद्रभान रविवारी नांदेडला निघाला होता. गाडी नांदेडला पोचली, तो पोचला नाही. आज गुरुवार.

“पिंगळीला गाडी थांबवली, मालक,” सटवाजी चंद्रभानच्या वडिलांना, व्यंकटरावांना, सांगत होता. “बंदुकवाले चढले. आठ-धा जणांला खाली वढलं. थोडे परभणीच्या हवालातीत नेले, थोडे नाल्याकडं. कोन कुठं, ते काय दिसलं न्हाई.”

हवालातीतल्यांना उद्या हैदराबादला हलवणार, असंही त्याच्या कानावर आलं होतं. नाल्यावर पहारा होता. तिकडं शोधायला जो जाई, त्यालाच धरून ठेवत. म्हणजे जायचं तर एकाच ठिकाणी, आणि आजच.

घड्याळ विलायती होतं. चंद्रभाननं ते मुंबईहून आणलं होतं. त्याला रोज किल्ली द्यावी लागत नसे. किल्ली फक्त काटे जुळवायला. पोटात एक अर्धगोल वजन होतं. हात हलला की ते फिरे आणि कमान आपोआप भरे. झाकण आट्यांचं, आत पाणी शिरत नसे. काढून ठेवलं तर दीडएक दिवस चाले, मग थांबे. “माझा हात हलला की पुरे,” चंद्रभान ऐटीत सांगायचा. “मग त्या हाताला कायतरी काम दे की,” त्याची आई बायनाबाई म्हणायची, “न्हाईतर विलायती माल उगंच बंद पडायचा.”

आता बायनाबाईच पहिल्यांदा बोलली. “चालू हाय, म्हंजी कालपस्तोर त्याच्याच हातात होतं. माझं लेकरू हाय! तुमी हवालातीकडं जा.”

“थांब जरा,” व्यंकटराव म्हणाले. “सटवाजी, तुला घावलं तवा चालू होतं का?”

“हातोड्यानं कान गेलेत मालक माझे. टिकटिक मला काय कळती? पर काटे चमकत व्हते. जित्यावानी.”

“ते बंद पडलं तरी चमकतंय. ठेवलं कुठं होतंस?”

“बंडीच्या खिशात. सकाळी रूळ बघत लय चाललो, मंग गाडी धरली.”

इतकं चालल्यावर बंद घड्याळही सटवाजीच्या खिशात पुन्हा सुरू झालं असतं.

व्यंकटराव कापसाचे अडते. माल हात घालून, आतून काढून बघितल्याशिवाय भाव न बोलणारे. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

“वेळ,” ते म्हणाले. “मधी बंद पडलं असंल तर वेळ चुकली असंल. चालत आलं असंल तर बरोबर असंल. बायना, तू घड्याळ सूनबाईकडं ओळखायला दिलंस ना? मनकर्णे, हातात आलं तवा त्याच्यात किती वाजले होते?”

दाराआडून मनकर्णानं घड्याळाकडं पाहिलं. ते बरोबर होतं. अगदी बरोबर. कारण ते तिनंच लावलं होतं.

रोज सकाळी आंघोळीला जाताना चंद्रभान घड्याळ तिच्याकडं द्यायचा. जिनिंग गिरणीचा आठचा भोंगा झाला की ती किल्ली ओढायची, काटे जुळवायची, किल्ली दाबायची. एवढ्या बारकाव्याचं घड्याळ, तरी दिवसाकाठी अर्धं मिनिट पुढं पळायचंच. घरात तिच्याशिवाय कुणाला तो त्या किल्लीला हात लावू देत नसे. आज घड्याळ हाती आलं, भोंगा झाला, आणि बोटांनी त्यांचं काम केलं. ती बघत होती सटवाजीच्या तोंडाकडं. दोन्ही काटे बारावर एकत्र आलेले तेवढे तिनं शेवटी पाहिले. ते कुठून आले, ते पाहिलं नव्हतं.

पदराखाली तिनं अंगठा तर्जनीवर फिरवून पाहिला. एवढं? का एवढं? बोटांना काही आठवत नव्हतं.

“बोल की गं,” बायनाबाई म्हणाली.

“बरोबर होतं, मामंजी,” मनकर्णा म्हणाली. “दोनेक मिनिटं पुढं. चार दिवसांत पळतं तेवढंच. म्या भोंग्याला लावलं.”

व्यंकटरावांनी मान वर केली. सुनेच्या तोंडाकडं ते असे कधी बघत नसत.

“बघून सांगायलीस?”

“बघूनच.”

त्यांनी पटका गुंडाळला. दुपारच्या गाडीनं ते परभणीला, हवालातीकडं गेले. नाल्याकडं कुणी गेलं नाही.

मनकर्णानं घड्याळ स्वतःच्या हातात बांधलं. तिच्या मनगटाएवढं भोक पट्ट्याला नव्हतं; ते कोपरापर्यंत सरकत होतं. सांजच्याला तिनं दळण काढलं. घरात पीठ होतं, तरी काढलं.

शुक्रवारी सकाळपर्यंत परभणीहून निरोप नव्हता. आठचा भोंगा झाला तेव्हा घड्याळ अर्धं मिनिट पुढं होतं. मनकर्णानं किल्लीला हात लावला नाही.