सात जणांचा ट्रेलर

"सात माणसं झोपतील असा हवा," मार्लिस म्हणाली. "मी, बाबा, माझा भाऊ ड्वेन, त्याची बायको आणि तीन मुलं."

ट्रेलर विकणाऱ्या व्होंडाबाईंनी टेबलावर चित्रं पसरली. गाडीमागे जोडून न्यायची ही घरं आतून कशी दिसतात, ते त्यांत होतं. मार्लिस वाकून एकेक पाहू लागली. शेजारी तिचे वडील, ऑर्व्हल, टोपी मांडीवर ठेवून बसले होते.

ट्रेलरची कल्पना त्यांचीच. आई होती तोवर दर उन्हाळ्यात सगळं घर तंबू घेऊन तळ्याकाठी जायचं. आई अंथरुणाला खिळली, तशी मार्लिस मिनियापोलिसची नोकरी सोडून शेतावरच्या घरी परतली. आई गेली, आणि मग वडिलांना एकटं कसं सोडायचं म्हणून ती तिथेच राहिली. लग्न राहून गेलं. ड्वेन फार्गोला असायचा. नाताळला यायचा, जेवायचा आणि बर्फ वाढायच्या आत निघायचा.

एप्रिलमध्ये एका सकाळी ऑर्व्हल कॉफी ढवळत म्हणाले होते, "एखादा ट्रेलर घेऊ या. सगळे मिळून तळ्यावर जाऊ."

मार्लिसने भावाला भीतभीतच फोन केला. ड्वेन चक्क लगेच हो म्हणाला.

"हिवाळी बांधणी हवी का?" व्होंडाबाईंनी विचारलं. "भिंती जाड येतात, हीटर मोठा येतो, नळ गोठत नाहीत. उन्हाळ्यापुरता असेल तर काही गरज नाही."

"उन्हाळ्यापुरताच आहे."

"हिवाळी द्या," ऑर्व्हल म्हणाले.

"बाबा, जानेवारीत तळ्यावर कोण मरायला जातंय?"

"मला आता थंडी सोसत नाही, पोरी."

तिने वडिलांकडे पाहिलं. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून दिवसदिवस मासे धरत बसणारा माणूस. म्हातारपण असंच येतं, तिला वाटलं.

"कागद कोणाच्या नावावर करायचे?"

"हिच्या," ऑर्व्हल म्हणाले. "गाडी हीच चालवणार."

मार्लिसने पटकन चित्रात डोकं घातलं. घर, शेत, पिकअप, घरातला फोनसुद्धा वडिलांच्या नावावर होता. तिच्या नावावर आजवर काही झालं नव्हतं. पलंगांचा रंग कोणता, असं बाबांनी तिलाच विचारलं. तिने निळा सांगितला.

ट्रेलर यायला वेळ होता. ऑर्व्हल रेडिओवर सामना ऐकता ऐकता खुर्चीतच डुलक्या घ्यायचे. मार्लिस भांडी घासताना पुटपुटत राहायची. मुलांना वरच्या खाटा देऊ, बाबांना दाराजवळची. ऐकायला कोणी नसलं की माणूस भांड्यांशी बोलतो.

एका रविवारी तिची भावजय रनेय आली. एकटीच. घरभर फिरली. मार्लिसच्या खोलीच्या खिडकीला तिने मोजायची फीत लावून पाहिली.

"पडदे किती विटलेत गं. मी नवे शिवते."

"माझ्यासाठी कशाला त्रास?"

"त्रास कसला त्यात," रनेय म्हणाली आणि कपाटाची रुंदीही मोजू लागली.

इतक्या वर्षांत तिने कधी मार्लिसच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. मार्लिसने तिला रुबार्बच्या आंबट देठांची, घरी भाजलेली गोड पेस्ट्री डब्यात घालून दिली. बाबांच्या ट्रेलरने सगळ्यांची मनं सैल केली, असं तिला वाटलं.

जुलैमध्ये ट्रेलर आला. मार्लिसने तो पिकअपला जोडून तळ्यावर नेला आणि झाडीतल्या जागेत एका दमात मागे घेऊन लावला. ड्वेनची मुलं टाळ्या वाजवत होती.

"आत्या, तू ट्रकवाली व्हायला हवी होतीस," धाकटी ब्रिन म्हणाली.

"अजून काय उशीर झालाय?" मार्लिस म्हणाली, आणि ऑर्व्हलसुद्धा हसले.

ते दोन दिवस तिला हवे होते तसेच गेले. ड्वेनने मासे तळले. नंतर त्याने भांडी घासली. हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं. रनेयने गोधड्यांची चळत कपाटात रचली.

"एवढ्या कशाला आणल्यास? घामाघूम होऊ."

"असू देत."

ब्रिन वरच्या खाटेवरून डोकं खाली लोंबकळवून झोप येईपर्यंत शाळेतल्या गमती सांगत राहिली. मार्लिस अंधारात हुंकार देत होती. आपल्याशी कोणी इतकं बोललं त्याला किती काळ लोटला, हे तिला आठवेना.

रविवारी जेवणं झाल्यावर आवराआवर सुरू झाली. मुलं ड्वेनच्या गाडीत चढली. रनेयने दार लावून घेतलं. ऑर्व्हल त्याच गाडीत पुढच्या सीटवर पट्टा लावून बसले होते. ते मार्लिसबरोबर आले होते. पण ड्वेनची सीट मऊ, तीच बरी, असं तिने मनाशी म्हटलं. तिने काचेतून हात हलवला. ते तळ्याकडे बघत होते.

ती ट्रेलरपुढचं कापडी छत गुंडाळू लागली. ड्वेन जवळ आला आणि त्याने तिच्या हातातला दांडा धरला.

"राहू दे ते," तो हळूच म्हणाला. "ही जागा बाबांनी वर्षभरासाठी घेतलीय. आम्ही पंधरा तारखेला शेतावरच्या घरी राहायला येतोय, त्याआधी तुझं बाकीचं सामान मी इथे आणून टाकतो."