मेथीची राणी

भाग्यलक्ष्मीचं लग्न झालं ते सत्तावन्न साल. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मुलीच्या सासरी पायऱ्यांवर गोंबे, म्हणजे बाहुल्या, मांडतात. सगळ्यांत वरच्या पायरीवरची राजा-राणीची लाकडी जोडी माहेरानं द्यायची असते. बेंगळुरातल्या मराठी घरांनी ही रीत कधी उचलली ते कुणाला ठाऊक नाही. पण ती कुणी मोडलेलीही ऐकिवात नाही.

घटस्थापनेच्या सकाळी भाग्यलक्ष्मीच्या आईनं, सकवारबाईनं, चुलीवरच्या फळीवरून जोडी खाली घेतली आणि तशीच उभी राहिली. राणीच्या डोक्यातून हिरवे कोंब आले होते.

जोडी लाकडाची नव्हतीच. नवरा रघुजी कामाला होते ती गिरणी उन्हाळ्यापासून बंद. लाल चंदनाच्या जोडीचं नाव घरात कोण काढणार? दिवसभर उदबत्त्या वळून झाल्या की सकवारबाई रद्दी कागद भिजवायची, किडा लागू नये म्हणून त्यात मेथी वाटून घालायची आणि त्या लगद्याला आकार देत बसायची. पाठ मोडून आलेली असायची. पण उदबत्ती वळायची ती दुसऱ्याच्या देवापुढं जळायला. हे काम तिचं होतं. राणीच्या भुवया काढताना चुलीवरचा भात करपला तरी तिला कळलं नव्हतं. एकदा मात्र वाटता वाटता पाट्यावरच डोळा लागला, आणि बरीचशी मेथी अख्खीच लगद्यात गेली. राजा आधी केला होता, त्याला ऊन मिळालं. राणीच्या वाट्याला नुसतं आभाळ आलं. वरून कावेचा लाल रंग चढला, आतली ओल तशीच राहिली.

रघुजी खाटेवरून म्हणाले, "राणीला केस आले की गं!"

"हसा तुम्ही."

तिनं एक कोंब उपटला. त्याबरोबर राणीच्या कपाळाचा पोपडा निघाला. तिनं हात आखडता घेतला. दुसरी करायला वेळ नव्हता, अंगात बळही नव्हतं.

"मग जाऊ नकोस. तुला ताप आलाय म्हणून निरोप धाडतो," रघुजी म्हणाले.

"आणि वरच्या पायरीवर पोरीनं काय ठेवायचं? माझा ताप?"

जुन्या लुगड्याच्या फडक्यात जोडी गुंडाळून ती गवीपुरातून चालत चामराजपेटेत आली. पोरीला पहिल्याच सणाला मान खाली घालावी लागणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

भाग्यलक्ष्मीच्या सासूबाई, सोयराबाई, पत्रावळीवर घटाची माती पसरत होत्या. शेजारची अनुसूयाक्का गोंबे बघायला आधीच येऊन बसली होती.

"या, विहीणबाई. बघू तरी तुमची जोडी."

सोयराबाईंनी हात पुसून राणी उचलली. लाकूड समजून उचलली, त्यामुळं हात झटकन वर गेला.

"हलकी आहे," त्या म्हणाल्या.

सकवारबाई फडक्याची घडी घालू लागली. स्वयंपाकघराच्या दारात भाग्यलक्ष्मी घटाचे गहू सुपात घेऊन उभी होती. तिनं आईकडं पाहिलं नाही.

"अय्यो, कागद!" अनुसूयाक्का पुढं वाकली. "आणि वर पालेभाजी! सकवारक्का, ही पूजेला की आमटीला?"

सोयराबाईंनी राणी फिरवून पाहिली. कोंबांवरून बोट फिरवलं.

"कुणी केली?"

"मीच."

"मेथी का?"

"किडा लागू नये म्हणून. नीट वाटली गेली नाही. झोप लागली मला."

"आणि राजाला कशी नाही उगवली?"

"राजा वाळला."

"राजे वाळतातच," सोयराबाई म्हणाल्या. मग समोरच्या उघड्या मातीकडं बघत राहिल्या. "आमच्या घटात अजून दाणा पडला नाही, आणि तुमची राणी उगवूनच आली की हो. अनुसूया, तुझ्या लाकडाच्या जोडीला कधी फुटलाय का गं कोंब?"

अनुसूयाक्का मागं सरकली. सोयराबाईंनी तांब्यात बोटं बुडवली आणि घटावर शिंपडावं तसं राणीच्या डोक्यावर पाणी शिंपडलं.

"अहो, नको!" सकवारबाई पुढं धावली. "विरघळेल ती. दसऱ्यापर्यंत टिकायची नाही."

"जेवढी टिकेल तेवढी टिकेल. मग घटाबरोबर पाण्यात सोडू. पुढच्या वर्षी दुसरी करा."

"दर वर्षी?"

"का? नको वाटतं करायला?"

"नाही," सकवारबाईच्या तोंडून निघून गेलं. "तेवढंच तर बरं वाटतं." आणि आपण हे काय बोललो म्हणून ती ओशाळली.

"मग सरी, ठरलं तर. फक्त पुढच्या वेळी नाक स्वल्प लहान करा. ही माझ्यावर गेलीय."

दारातून भाग्यलक्ष्मीचं हसू ऐकू आलं. सूप खाली ठेवून तिनं राणीला दोन्ही हातांनी वरच्या पायरीवर नेऊन बसवलं, शेजारी राजाला. कॉफी येईपर्यंत सकवारबाई भिंतीला टेकून झोपी गेली होती. तिला कुणी उठवलं नाही.

पुढं दर दसऱ्याला राजा तोच राहिला, राणी नवी आली. एकसष्ट साली मात्र सोयराबाईंनी घट तेवढा बसवला. पायऱ्या मांडल्या नाहीत. खरं तर सुनेच्या आईचं सुतक त्यांच्या घराला लागत नव्हतं. सकवारबाई त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला वारली.