नऊ मिनिटं चार सेकंद

दवाखान्यातल्या तपासणीच्या मॅडमनी ताईच्या छातीवर वायरी चिकटवल्या, तोंडावर मास्क बसवला आणि ट्रेडमिल सुरू केली. आई लगेच उठून शेजारी उभी राहिली. धाकटी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होती. तिला कोणी विचारत नव्हतं.

दोघी बहिणी अंगाने भरलेल्या, पण कौतुक मात्र एकीचंच. ताईला दम किती, ठोके किती पडतात, हे बघायला म्हणे आज आईने रजा काढली. धाकटीला चित्राचं बक्षीस मिळालं तेव्हा मात्र ऑफिसात फार काम होतं.

दर दोन मिनिटांनी पट्टा थोडा चढायचा, थोडा वेग घ्यायचा. आई म्हणायची, "शाब्बास गं माझी वाघीण."

वाघीण म्हणे. धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. एरवी ती अशा खोलीत पाऊल ठेवत नसे. शाळेत वजनकाटा आला की तिच्या पोटात हमखास दुखायचं. आज दुखत होतं ते वेगळ्याच कारणाने.

आठव्या मिनिटाला ताईने हात वर केला. आईने तिला पाणी दिलं, मान पुसली आणि आठ मिनिटं म्हणजे काही चेष्टा नाही, असं तीनदा सांगितलं.

"मी नऊ करीन," धाकटी म्हणाली.

आईने मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. "राहू दे. तुला नाही जमायचं."

झालं. धाकटीने बुटाच्या नाड्या आवळल्या आणि स्वतःच मास्क मागितला. मॅडमनी आईकडे बघितलं, खांदे उडवले आणि वायरी लावल्या.

पाचव्या मिनिटाला धाप लागली. सहाव्याला पायांत गोळे आले, सातव्याला रडूच फुटायचं बाकी होतं. पण आई ताईला खेटून बसली होती, ते बघून धाकटी पळत राहिली. नऊ मिनिटं, वर चार सेकंद. उतरली ती थेट आईच्या कुशीत. आई तिला घट्ट धरून उभी राहिली.

"बघितलंस?" धाकटी धापा टाकत म्हणाली आणि मान ताठ करून तोंड धुवायला गेली.

दार लागल्यावर मॅडमनी ताईचा कागद चुरगाळून टोपलीत टाकला आणि धाकटीचा फाइलला लावला. आईने डोळे पुसले. म्हणाली, आठ महिने धाकटीच्या तपासणीचं नुसतं नाव काढलं तरी ती दार लावून बसायची हो.

ताई सावकाश मोजे सारखे करत होती. तिला धापसुद्धा लागली नव्हती.

"पुढच्या महिन्यात मी नऊला हात वर करते," ती म्हणाली. "म्हणजे ती दहा करेल."