बाद झालेली चावी

"चावीत चिप असते, ताई. नवी जोडताना जुनी इथं नसली, तर ती बाद होते. मग तिच्यावर गाडी सुरू होणार नाही," मेकॅनिकने बजावलं.

"होऊ दे बाद," वृंदा म्हणाली. तिच्या वडिलांना, अण्णांना, हल्ली नीट दिसत नव्हतं. मोटरसायकलवरून दोनदा पडले, तरी तिची चावी काही सोडत नव्हते.

दसऱ्याला अण्णांनी मोटरसायकलला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि वर बसून चावी फिरवली. दिवा लुकलुकला, इंजिन ढिम्म. त्यांनी चावी सदऱ्याला पुसून पुन्हा लावली. वृंदा पूजेचं ताट धरून खाली बघत राहिली.

अण्णा सावकाश उतरले.

"तुझी चावी आण. लिंबू चिरडायचं राहिलंय," ते म्हणाले. "आणि पुढच्या वेळी बापाला काही सांगायचं असेल, तर गाडीला मध्ये घालू नकोस."